आधी काळ, मग क्रियापद

म्हात्रे सरांची आणि माझी ओळख भिंतीतून झाली. बोईसरच्या शाळेत मराठी शिकवायला मी रुजू झाले, त्याच दिवशी. नववी आणि अकरावी या दोन वर्गांच्या मध्ये कुडाची भिंत होती, वर शेणामातीचा गिलावा. मी फळ्यावर कवितेचं नाव लिहीत होते, एवढ्यात पलीकडून आवाज आला, "काल! काल म्हणताय ना? मग हॅव कुठून आणलंत? कुठून आणलंत हे हॅव?" आणि पाठोपाठ खडू भिंतीवर आपटून फुटल्याचा आवाज.

माझा हात फळ्यावरच थांबला. मुलं मात्र ढिम्म. पहिल्या बाकावरची मुलगी मला धीर देत म्हणाली, "घाबरू नका बाई. म्हात्रे सर हायेत. इंग्लिसचा तास हाय."

मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीत आले. उंच, किंचित वाकलेले, कोटाच्या दोन्ही खिशांवर खडूची पांढरी बोटं उमटलेली. मी नमस्कार केला. त्यांनी नमस्कार घेतला आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "बाई, तुम्ही मला सांगा, बेचाळीस मुलं आहेत वर्गात. 'मी त्याला काल पाहिलं' एवढं साधं वाक्य. बेचाळीसच्या बेचाळीस जणांनी 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' लिहिलं. एकानेही चुकून तरी बरोबर लिहावं की नाही?"

मी हसले. ते हसले नाहीत. तो त्यांच्यासाठी विनोद नव्हता, हे मला कळायला काही महिने गेले.

सर मूळचे एडवणचे. एडवणला समुद्राच्या काठी त्यांचं घर होतं. शाळेसाठी बोईसरला खोली घेऊन राहत. एरवी बोलणं शुद्ध, जपून. पण राग आला की त्यातला एडवणचा माणूस बाहेर यायचा. 'आम्ही'चं 'आमी' व्हायचं, 'नाही'चं 'नाय' व्हायचं. मुलांना ते पाठ होतं. सर 'नाही' म्हणाले तर अजून थोडी मस्ती करता येते; 'नाय' म्हणाले की वह्या उघडायच्या.

त्यांच्या शिकवण्याची एकच रीत होती. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ मारायची. मधोमध एक खूण. खूण म्हणजे 'आत्ता'. डावीकडे झालेलं, उजवीकडे व्हायचं. मग प्रत्येक वाक्य घेऊन मुलाने फळ्याशी यायचं आणि ती गोष्ट रेघेवर कुठे घडली तिथे बोट ठेवायचं. बोट ठेवल्याशिवाय बोलायचं नाही. "आधी काळ, मग क्रियापद. तोंड उघडायच्या आधी स्वतःला विचारा, कधी? उत्तर मिळालं तर बोला. नाय मिळालं तर गप रहा." हे वाक्य मी भिंतीतून इतक्या वेळा ऐकलं की माझ्या नववीतली मुलं कवितेच्या तासाला ते पुटपुटायची.

शिपाई गोविंदशी त्यांचं रोज वाजायचं. सरांनी हाक मारली की गोविंद मैदानाच्या पलीकडून ओरडायचा, "आलो, सर!" आणि हंडा भरत तिथेच उभा राहायचा.

"आलो म्हणजे काय रे? आलास का तू?"

"येतोच हाय ना, सर."

"मग येतो म्हण!"

मग माझ्याकडे वळून, "बाई, हा तुमचा विषय. सांगा, न आलेला माणूस 'आलो' का म्हणतो?"

"सर, मराठीत चालतं तसं."

"चालतं! आमच्याकडे सगळं चालतं! दहा वर्षं इथे राहतो, म्हणतो आम्ही. म्हणजे वर्षं मागची आणि राहणं आत्ताचं. इंग्रजीत म्हणून पाहा तसं. म्हणून पोरं मॅट्रिकला गचकतात." आणि त्यांनी चहाचा कप बशीत असा ठेवला की चहा सांडला.

खरं सांगायचं तर मला त्यांचा त्रास व्हायचा. माणूस तळमळीचा होता, पण ती तळमळ सतत चरचरत असायची. इंग्रजी पेपर वाचतानाही हातात लाल पेन्सिल. त्यांच्या बायकोनं मला एकदा सांगितलं होतं, "जेवायला या म्हटलं तर 'येत आहे' म्हणतात. पुस्तकासारखं. घरात कुणी असं बोलतं का?"

ते दिवस धामधुमीचे होते. तारापूरच्या बाजूला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं. बोईसर स्टेशनवर एरवी गवताच्या गाठी चढायच्या, तिथे आता लोखंडी यंत्रांच्या पेट्या उतरायला लागल्या. सालवडच्या बाजूला साताऱ्याकडची, खानदेशातली माणसं येऊन राहिली. गावात हिंदी ऐकू येऊ लागली. आणि हळूहळू एक बातमी घरोघर पोचली: कंत्राटदारांच्या कचेऱ्यांमध्ये माणसं घेतात, पण साहेब इंग्रजीत प्रश्न विचारतो.

म्हात्रे सरांनी शाळा सुटल्यावरचा वर्ग सुरू केला. कुणीही यावं. मॅट्रिक झालेली मुलं आली, नापास झालेली आली, बांधकामावरचे मुकादम डोक्यावरचं फडकं सोडून मागच्या बाकावर बसायला लागले. किनाऱ्याकडच्या गावांतली मुलं शेवटच्या एसटीची वेळ सांभाळून यायची. मीही कधीकधी मागे वह्या तपासत बसे. फळ्यावर तीच रेघ, तीच खूण, तोच संताप.

त्या वर्गात दोन मुली होत्या. एक यमुना. तारापूरच्या पलीकडच्या कोळीवाड्यातली, आमच्याच शाळेतून मॅट्रिक झालेली. वडील होडी घेऊन समुद्रात जायचे, आई सुके बोंबील आणि सुकट बाजारात विकायची. यमुना म्हणजे सरांचा एकमेव विसावा. तिचं वाक्य कधीच चुकलं नाही. ती फळ्याशी जायची, डोळे बारीक करून रेघेकडे बघायची, बोट ठेवायची आणि मग सावकाश, धुऊन ठेवलेल्या भांड्यासारखं स्वच्छ वाक्य बोलायची. सर त्या वेळी खडू खाली ठेवत.

दुसरी शकुंतला. सालवडला भावाकडे राहायची, भाऊ बांधकामावर फिटर. जळगावकडची, गोल चेहऱ्याची, बडबडी. तिच्या इंग्रजीला काळ नव्हता, फक्त वेग होता. "सर, आय ॲम कमिंग हिअर लास्ट इयर, माय ब्रदर इज बोलिंग कम, सो आय कम!" सर कपाळाला हात लावायचे. "शकुंतला, बोट! आधी बोट ठेव!" ती रेघेवर कुठेतरी बोट ठेवायची आणि पुढचं बोलायला लागायची.

त्याच सुमारास शाळेच्या स्नेहसंमेलनाला बांधकामावरचा एक अमेरिकन इंजिनियर पाहुणा म्हणून आला. हेडमास्तरांनी त्याच्याशेजारी म्हात्रे सरांना बसवलं. सर सकाळपासून घाम पुसत होते. मला वाटलं, एवढं इंग्रजी येणारा माणूस, आज मनसोक्त बोलेल. पण कार्यक्रमभर सर फक्त मान हलवत होते. चहाच्या वेळी मुलांसाठी बटाटेवडे आले तेव्हा त्या गोऱ्या माणसाने एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "डिड यू ईट येट?"

सर ताठ झाले. मी जवळच होते, मला ते दिसलं. 'येट' म्हटल्यावर 'हॅव यू ईटन' यायला हवं, हे त्यांनी हजारो वेळा शिकवलं होतं. धीर करून, दोन्ही हात जोडल्यासारखे धरून त्यांनी विचारलं, "सर, शुड इट नॉट बी, हॅव यू ईटन येट?"

तो माणूस मोकळेपणी हसला. "शुअर. सेम थिंग." आणि वडा खायला लागला.

पुढचा आठवडाभर सरांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. "सेम थिंग म्हणतो, बाई. सेम थिंग! मी वीस वर्षं ज्याच्यासाठी पोरांना उन्हात उभं केलं, ते सेम थिंग?" मी म्हटलं, "सर, तिकडे तसं बोलत असतील." ते उसळले, "मग आमच्या पेपरात त्याला शून्य का देतात? त्याला चालतं, आमाला नाय चालत. असं कसं?"

आणि मग त्या टेलिफोनच्या जागेची गोष्ट झाली.

एका कंत्राटदाराच्या कचेरीत टेलिफोनवर बसायला मुलगी हवी होती. मुंबईहून फोन येणार, इंग्रजीत बोलावं लागणार. सरांनी स्वतः यमुनेला अर्ज करायला सांगितलं. शकुंतलेनेही केला, तो न विचारता. मुलाखतीच्या आदल्या दिवशी सर यमुनेला म्हणाले, "घाई करायची नाही. प्रत्येक प्रश्नाला आधी रेघ डोळ्यांपुढे आण. बोट ठेव. मग बोल. तुझं एकही वाक्य चुकता कामा नये."

जागा शकुंतलेला मिळाली.

ती वर्गात पेढे घेऊन आली. "सर, आय ॲम गेटिंग द जॉब!" सरांनी पेढा हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. यमुना त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिची आई आली, बाजारातून थेट, डोक्यावर रिकामी टोपली. पायरीवर टोपली ठेवून ती सरांसमोर उभी राहिली.

"मास्तर, माझी पोर मुकी हाय का?"

"नाही हो. असं का विचारता?"

"मंग ती तिथं मुक्यावानी का बसली? सायेब इचारतो नि ही वर बगत रायते. त्याचा दुसरा सवाल झाला तरी हिचा पयला जबाब नाय. घरात तर तोंड मिटत नाय तिचं." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमी तिला बोलाया शिकवलंत का गप बसाया?"

यमुनेची आई निघून गेली तरी सर पायरीकडे बघत उभे होते. मग मला म्हणाले, "बाई, उद्या सुट्टी आहे. माझ्याबरोबर याल? त्या साहेबांना भेटायचंय. ती गप्प नव्हती, वाक्य निवडत होती, हे त्यांना सांगायला पाहिजे."

"काय उपयोग, सर? जागा भरली."

"उपयोगाचं नाय. त्यांना कळलं पाहिजे."

आम्ही एसटीने गेलो. कचेरी म्हणजे पत्र्याची शेड, दाराशी सिमेंटच्या गोण्या. बाहेरच्या टेबलाशी शकुंतला टेलिफोन कानाला लावून बसली होती. "हॅलो, सर इज गो टू साइट, यू फोन आफ्टर लंच, ओके, नो प्रॉब्लेम!" आम्हाला बघून तिने हात हलवला. सरांनी मान फिरवली.

साहेब मध्यमवयीन, सावळे, बाह्या दुमडलेल्या. त्यांनी इंग्रजीत बसायला सांगितलं आणि काय काम आहे असं इंग्रजीतच विचारलं. सर बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी छत्री दोन्ही हातांत धरली आणि सुरुवात केली.

"सर, आय हॅव कम…" थांबले. "आय केम…" पुन्हा थांबले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. डोळे साहेबांच्या डोक्यावरच्या भिंतीकडे लागले होते. तिथे काहीच नव्हतं, कोरा पत्रा होता. बाहेर काँक्रीटचा मिक्सर घरघरत होता. मला वाटलं आता बोलतील, आता बोलतील. कपाळावरून घाम कानापाशी उतरला. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

साहेबांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मास्तर, मराठीत बोला ना. मी पुण्याचा आहे."

मग सर मराठीत बोलले. भडाभडा बोलले. ती मुलगी किती हुशार आहे, तिच्या वहीत एक खाडाखोड सापडायची नाही, ती गप्प बसली कारण तिला तसं शिकवलं होतं, शिकवणारा मी. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "मला दिसलं ते, मास्तर," ते म्हणाले. "तिने तीन उत्तरं दिली, तिन्ही बिनचूक. पण टेलिफोनवर पलीकडचा माणूस एवढा थांबत नाही. ही दुसरी मुलगी चुकते, पण निरोप पोचवते. पुढे दुसरी काही जागा निघाली तर तिला परत पाठवा. जरूर पाठवा." चहा मागवला. सरांनी घेतला नाही.

परतीच्या एसटीत अर्धा रस्ता ते खिडकीबाहेर बघत होते. बोईसर यायच्या आधी एकदम म्हणाले, "मॅट्रिक झाल्यावर मी मुंबईला एका गोदीच्या कचेरीत गेलो होतो, नोकरीसाठी. त्यांनी विचारलं, कुठून आलास? मी म्हटलं, आय ॲम कम फ्रॉम एडवण. तिघं होते टेबलापलीकडे. तिघेही हसले. एकाने दुसऱ्याला ते वाक्य परत म्हणून दाखवलं." छत्री गुडघ्यांत उभी धरली. "तेव्हा ठरवलं, आपल्या एकाही पोराला कुणी असं हसता कामा नये. हसलं नाय कुणी यमुनेला. तेवढं मात्र झालं."

हे सांगताना त्यांच्या आवाजात रडं नव्हतं, चीड होती. कुणावर होती ते मला सांगता येणार नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी वर्गात जाहीर केलं की आता एक तास फक्त बोलायचा. फळा पुसलेला. "बोला. चुकलं तरी बोला. मी मधे बोलणार नाही." आणि खुर्चीवर बसून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. पहिला मुकादम उठला. त्याच्या तिसऱ्या वाक्याला सरांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला. पाचव्या वाक्याला ते उठले आणि "मी पाणी पिऊन येत आहे" म्हणून बाहेर गेले. व्हरांड्यात जाऊन बघितलं तर खांबाला टेकून उभे. "बाई, ऐकवत नाय. खरंच ऐकवत नाय. पण तो बोलतोय बघा. मी वर्ष झालं शिकवतोय, त्याचा आवाज आज ऐकला." एवढं म्हणून आत गेले, पुन्हा हात मांड्यांखाली.

यमुना एकदाच आली त्या वर्गाला. सरांचा चेहरा उजळला. तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली, बराच वेळ तशीच राहिली आणि मग मराठीत म्हणाली, "सर, मला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला प्रवेश मिळालाय. मराठी शाळेसाठी. ते सांगायला आले."

"आणि इंग्रजी?"

"नको सर."

"तुला येतं, यमुना. या सगळ्यांत फक्त तुला येतं."

"येतं. पण तोंड उघडलं की आधी ती रेघ दिसते. घरी आईशी बोलताना पण एकदा दिसली. मला भीती वाटली." ती सरांच्या पाया पडली. "पोरांना शिकवताना नाय दिसायची. तिथं मी मोकळी बोलेन."

ती खुशीत गेली. मी तिला फाटकापर्यंत पोचवलं, ती मला ट्रेनिंगच्या वसतिगृहाबद्दल भरभरून सांगत होती. परत आले तर सर रिकाम्या वर्गात फळा पुसत होते, पुसलेलाच फळा पुन्हा पुसत होते.

त्यानंतर सर बदलले, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून पुन्हा खडू फुटला. अकरावीच्या फळ्यावर तीच रेघ होती. मी विचारलं तेव्हा चिडून म्हणाले, "परीक्षेत काय विचारतात? योग्य काळ लिहा. बोलायला कोण विचारतं तिथे? सकाळी रेघ मारायची नि संध्याकाळी पुसायची, हाच धंदा झालाय माझा." दोन्ही वर्ग चालले. दोन्हींत ते तितकेच वैतागलेले असायचे. निकाल मात्र पूर्वीपेक्षा बरे लागायला लागले आणि सालवडच्या चार-पाच मुलांना कचेऱ्यांत कामं मिळाली. याचं सरांना समाधान होतं का? विचारलं तर म्हणायचे, "बोलतात. पण काय बोलतात!"

माझं लग्न ठरलं आणि मी नाशिकला जायला निघाले. सर मला पोचवायला स्टेशनवर आले, हातात छत्री आणि माझ्यासाठी एडवणच्या घरच्या नारळांची पिशवी. गाडी आली, मी सामान चढवून दाराशी उभी राहिले. त्याच गाडीतून एक दक्षिणेकडची बाई उतरली होती, नवीनच, बहुधा केंद्राच्या कॉलनीकडे निघालेली, दोन लहान मुलं आणि सामानाचे पाच-सहा डाग. टांगेवाला तिचं सामान उचलायला बघत होता आणि ती ते ओढून धरत होती. तो मराठी बोलत होता, ती इंग्रजी. दोघांचेही आवाज चढले. धाकटं मूल रडायला लागलं.

सर तिकडे बघत होते. एक पाऊल पुढे गेले, थांबले. ओठ हलले. मग पिशवी माझ्या हातात कोंबून ते तरातरा चालत गेले.

"मॅडम! ही इज गुड मॅन! ही इज टेकिंग ऑल पीपल टू कॉलनी! यू आर नॉट फिअर!"

प्रत्येक वाक्य संपलं की त्यांचा चेहरा वेदनेने वाकडा व्हायचा आणि डावा हात मांडीवर आपटायचा. चूक त्यांना कळत होती, तिथल्या तिथे कळत होती. पण थांबत नव्हते. बाई काहीतरी विचारत होती, ते सांगत होते, हातवारे करत होते, टांगेवाल्याला मराठीत दटावून पुन्हा तिच्याकडे वळत होते. तिने ट्रंकेवरचा हात सैल केला.

शिट्टी झाली. मी हाक मारली, "सर, येते मी!" त्यांना ऐकू गेलं नाही. गाडी हलली तेव्हा ते माझ्याकडे पाठ करून उभे होते, छत्री खाली पडलेली, काखेत त्या बाईचं धाकटं मूल, आणि मोठमोठ्याने, अडखळत, स्वतःवर चिडत, ते बोलतच होते.